बंद ट्रेलरमध्ये गाडी बांधायची योग्य पद्धत कोणती? (पद्मिनी, पुणे ते बंगळूर)

सुकाणू

माझी प्रीमियर पद्मिनी कार पुण्याहून बंगळूरला न्यायची आहे, साधारण ८४० किलोमीटर, बंद ट्रेलरमधून. रंग नवा, क्रोम नवं, त्यामुळे पट्टा किंवा हुक बॉडीला कुठेही घासता कामा नये.

ट्रेलर आतून १६ फूट लांब, ७ फूट रुंद. तळाला १८ मिमीचा प्लाय आणि त्याखाली दर ४० सेंमीवर आडवं सी-चॅनेल (सी आकाराची लोखंडी पट्टी). चार कोपऱ्यांत पट्टा अडकवायच्या चार डी-रिंगा (डी आकाराच्या कड्या) आहेत, पण त्या लाकडी स्क्रूंनी नुसत्या प्लायला बसवलेल्या. रिकामा ट्रेलर ८५० किलो, गाडी ९०० च्या आसपास.

प्रश्न असे. पट्टा चाकावरून घ्यावा, खालून ॲक्सलला की बॉडीला? एक इंची रॅचेट बेल्ट (हँडल मारून आवळायचे पट्टे) चालतील की दोन इंचीच हवेत? बांधताना गाडी स्प्रिंगवर खाली दाबून घ्यायची का? आणि हँडब्रेकचं काय? त्यावर प्रत्येक गॅरेजवाला वेगळं सांगतो.

नटबोल्ट

पट्ट्यांकडे नंतर वळू. आधी त्या डी-रिंगा काढा.

स्क्रूला धरायला प्लायची जाडी मिळते जेमतेम १८ मिमी, आणि रिंगची ओढ तिरकी वर असते, म्हणजे स्क्रू उपटून काढायच्याच दिशेने. जोराचा ब्रेक लागला तर एकेका रिंगवर पाच-सहाशे किलो सहज येतात. त्याआधीही दर धक्क्याला स्क्रूचं भोक जरा जरा सैल होत असतं आणि ते वरून दिसत नाही. पट्टा शाबूत, रिंग शाबूत, आणि दोन्ही प्लायच्या तुकड्यासकट हातात, असा हा प्रकार आहे.

रिंग चॅनेलवर येईल अशी जागा धरा आणि बोल्ट प्लाय व चॅनेल दोन्हींतून आरपार काढा. एम-१०, ८.८ ग्रेड, खाली जाड वॉशर आणि नायलॉक नट. हवी ती जागा दोन चॅनेलच्या मध्ये येत असेल, तर त्या दोन चॅनेलना जोडणारा ५० मिमीचा अँगल वेल्ड करून घ्या आणि रिंग त्यावर बसवा. भोसरीत फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये हे काम होईल. ८.८ चा एम-१० बोल्ट तीन टनांपर्यंत दाद देत नाही, त्यामुळे बोल्टची चिंता नको. चिंता लाकडाची आहे.

भोकांच्या कडांना सीलंट भरायला विसरू नका. पावसात चाकांनी उडवलेलं पाणी खालून भोकात शिरतं, प्लाय फुगतो आणि दोन पावसाळ्यांत त्या जागी कुजायला लागतो.

रस्तावेडी

+१. डी-रिंगऐवजी ई-ट्रॅक (ओळीने खाचा असलेली लोखंडी पट्टी) लावला तर? पुढे दुसरी गाडी न्यायची झाली तरी जागा बदलता येईल.

नटबोल्ट

रस्तावेडी, चालेल, पण नियम तोच. ट्रॅकचा प्रत्येक बोल्ट चॅनेलमध्ये गेला पाहिजे. ई-ट्रॅकच्या एका फिटिंगची कामाची क्षमता साधारण ९०० किलोच असते, म्हणून एका खाचेत दोन पट्टे अडकवायचे नाहीत. पद्मिनीला पुरेल. दोन टनांच्या एसयूव्हीला मात्र वेल्ड केलेल्या रिंगाच बऱ्या.

चाकणची_चाकं

एक इंची की दोन इंची, हे अंदाजाने ठरवायचं नाही. हिशेब करू.

माल बांधण्याच्या युरोपीय आणि अमेरिकी नियमांत पुढच्या दिशेने ०.८ जी (म्हणजे वजनाच्या ०.८ पट जोर) आणि बाजूला व मागे ०.५ जी धरतात. गाडी ९०० किलो, म्हणजे कडक ब्रेकला पुढे जाऊ पाहणारा जोर ७२० किलो. आता हा जोर कोणते पट्टे घेतात? मागचे. पुढचे पट्टे गाडीला पुढे ओढून ठेवतात, ते ब्रेकच्या वेळी ढिलेच पडतात. बरेच जण पुढे नवे पट्टे लावतात आणि मागे जुने. नेमकं उलटं हवं.

तर दोन मागचे पट्टे, प्रत्येकी ३६० किलो. पण पट्टा आडवा नसतो. जमिनीशी ३५ अंश आणि वरून पाहिलं तर बाजूला ४५ अंश असा तिरका असेल, तर त्याच्या ताणातला जेमतेम ५८ टक्के भाग मागे ओढायच्या कामी येतो. म्हणजे पट्ट्यावर प्रत्यक्ष ताण ६२० किलो. बाजूचा तिरकेपणा २० अंशांवर आणला तर तोच ताण ४७० वर येतो.

चांगल्या दोन इंची पट्ट्याची कामाची क्षमता १५०० किलो किंवा जास्त. एक इंचीची बहुधा ५०० च्या आत. त्यामुळे एक इंची पट्टे टूलबॉक्स आणि स्टेपनी बांधायला ठेवा.

पाकिटावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. "५ टन" असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा तुटण्याचा आकडा असतो. शिवलेल्या लेबलवर एलसी, म्हणजे कामाची क्षमता, शोधा, तो डेकान्यूटनमध्ये असतो, आणि एक डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोचा जोर. युरोपीय मानकाचं निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर. तेच घ्या. नायलॉन ताणला जातो आणि भिजला की आणखी सैलावतो. लेबलच नसेल तर पट्टा कितीही जाड दिसला तरी घेऊ नका.

कात्रजचा_घाट

एक वेगळं मत मांडतो. पट्टा बॉडीच्या खालच्या पक्क्या भागाला लावून गाडी स्प्रिंगवर चार-पाच सेंमी दाबून घ्यावी. मोटरसायकल वाहून नेताना पुढचे फोर्क दाबूनच बांधतात. गाडी डुलत नाही, ट्रेलर स्थिर चालतो. चाकं बांधली की बॉडी स्प्रिंगवर मोकळी झुलत राहते, आणि बंद ट्रेलरमध्ये भिंती जवळ असतात.

पाटा_स्प्रिंग

कात्रजचा_घाट, डुलण्याचा मुद्दा खरा आहे. पण गाडीच्या बाबतीत दाबून बांधण्याची अडचण मोठी आहे. स्पीडब्रेकरवर ट्रेलर आपटला की स्प्रिंग आणखी दबते, बॉडी खाली जाते आणि क्षणभर पट्टा ढिला पडतो. तेवढ्यात उघड्या तोंडाचा हुक रिंगमधून निसटतो. पुढच्या क्षणी स्प्रिंग उसळते आणि पट्ट्याला झटका बसतो. शेकडो किलोमीटर हे चालू राहतं. मोटरसायकलचा फोर्क जवळजवळ शेवटापर्यंत दाबता येतो, गाडीचा दाबता येत नाही, हा फरक आहे.

चाक किंवा ॲक्सल बांधलं की पट्ट्याची दोन्ही टोकं स्प्रिंगच्या खालच्या बाजूला राहतात. वर बॉडी काय हवं ते करो, पट्ट्याचा ताण बदलत नाही.

भिंतींचं म्हणाल तर पद्मिनीची रुंदी १.४६ मीटरच्या आसपास आणि ट्रेलर आतून २.१. दोन्हीकडे तीस सेंमीहून जास्त जागा उरते. डुलून डुलून बॉडी काही सेंमी हलेल. आरसे मात्र आत वळवा किंवा काढून ठेवा.

आता पद्मिनीपुरतं. मागे पाटे (पाटा स्प्रिंग) आणि अखंड हाउसिंग (ॲक्सलवरची लोखंडी नळी) आहे, ही बांधायला सर्वांत सोपी रचना. ॲक्सलचा गोल पट्टा हाउसिंगच्या नळीवर, पाट्याच्या बैठकीच्या अगदी आतल्या बाजूला टाका. नळीवरून ब्रेकचा पाइप गेलेला असतो, तो पट्ट्याखाली सापडला तर चेपतो. टॉर्च घेऊन खाली झोपा आणि प्रत्यक्ष बघा, नुसत्या हाताच्या चाचपणीवर विसंबू नका.

पुढे विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे आर्म) आहेत. खालच्या आर्मला पट्टा घेता येतो, पण टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा), अँटी-रोल बार आणि ब्रेकचा रबरी होज तिथेच आजूबाजूला असतात. टाय रॉडला ओढ बसली की अलाइनमेंट गेलं. म्हणून पुढे चाकावरूनच पट्टा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्तावेडी

गाडीला स्क्रूने लागणारा टोइंग हुक असतो, तो वापरला तर? नव्या गाड्यांत सोपं दिसतं.

पाटा_स्प्रिंग

तो सरळ ओढायला केलेला आहे, तिरकं खाली खेचायला नाही. तिरकी ओढ बसली की आटे असलेला दांडा वाकतो आणि मग बाहेरही निघत नाही. विंचला (वायर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राला) लावायला ठीक, बांधायला नको.

कात्रजचा_घाट

पट्ट्याची दोन्ही टोकं स्प्रिंगच्या खाली, हे पटलं. अरुंद ट्रेलरमध्ये भिंतीला फोम लावायचा, एवढंच मी जोडतो.

डेक्कनची_राणी

चाकावरचा पट्टा नेमका कसा बसवायचा ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

तीन रबरी गुटके ओवलेला पट्टा घ्यायचा. गुटके टायरच्या नक्षीवर बसतात, एक मधोमध वर आणि दोन पुढेमागे, आणि पट्टा टायरवरून सरकू देत नाहीत. एक टोक टायरच्या पुढच्या रिंगला, दुसरं रॅचेटसकट मागच्या रिंगला. रिंगा टायरच्या कडेपासून २० ते २५ सेंमी दूर आणि टायरच्या बरोबर रेषेत हव्यात. रेषा चुकली तर एका बाजूला घसरून पट्टा मडगार्डच्या कडेला लागतो. नव्या रंगाला हाच सर्वांत मोठा धोका.

रिमच्या भोकांतून पट्टा ओवू नका. दाबलेल्या पत्र्याच्या रिमची कड सुरीसारखी असते.

चाकावर बांधलं की टायरची हवा ही पट्ट्याच्या ताणाचाच भाग होते. हळूहळू गळणारी ट्यूब असेल तर अर्ध्या रात्रीत पट्टा लोंबायला लागेल. निघण्याच्या आदल्या दिवशी हवा भरा, सकाळी पुन्हा मोजा. कमी झाली असेल तर आधी पंक्चर काढून घ्या.

तळेगावकर

रॅचेट वापरताना दोन चुका सर्रास दिसतात.

एक, ढील हाताने ओढून न घेता थेट हँडल मारत सुटायचं. मग ड्रमवर पाच-सहा वेढे चढतात, पट्टा फुगून अडकतो आणि सोडताना सोडवत नाही. आधी हाताने कचकन ओढून घ्या. ड्रमवर दीड ते तीन वेढे, बस.

दुसरी, हँडलला पाइप घालून आवळायचं. हँडलची लांबी हाताच्या जोराला बेतलेली असते. पाइपने आवळलं तर रॅचेटचे दात किंवा रिंग, काहीतरी वाकतं.

उघड्या ट्रेलरवर वाऱ्याने फडफडू नये म्हणून पट्ट्याला एक पीळ देतात. बंद ट्रेलरमध्ये वारा नाही, तेव्हा पीळ नको, पट्टा सपाट राहू दे. उरलेली शेपटी गुंडाळून वेलक्रोने बांधा. मोकळी सोडली तर बंगळूरपर्यंत बंपरवर ढोलकी वाजत राहील.

नऱ्हेकर

सगळं पट्ट्यांवर चाललंय, पण गाडी ट्रेलरमध्ये कुठे उभी करायची? ती एक वीत मागे राहिली तर उत्तम बांधणीसुद्धा वाचवू शकत नाही. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

एकूण १७५० किलो. त्याचे १० ते १५ टक्के हिचवर (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या जागी) हवेत, म्हणजे १७५ ते २६० किलो.

चाकणची_चाकं

नऱ्हेकर, तो अमेरिकी नियम झाला. युरोपात ५ ते ७ टक्के धरतात, म्हणजे इथे ९० ते १२० किलो, कारण तिथले बॉल-हिच कमी वजन पेलणारे आणि टोइंगचे वेगही कमी. ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर जी पाटी असते, तिच्यावरचा आकडा अंतिम. तिथे १०० लिहिलं असेल तर २५० ठेवणं म्हणजे हिच उखडायला बोलावणं.

मोजायचं असं. वजनकाट्यावर सगळा ट्रेलर हिचपासून सोडून पुढच्या छोट्या चाकावर उभा करा, एक आकडा घ्या. मग पुढचं चाक काट्याबाहेर आणि मुख्य चाकं काट्यावर, असा दुसरा. फरक म्हणजे नाकावरचं वजन. छोटं चाक हिचच्या जरा मागे असल्याने खरा आकडा किंचित कमी असतो. दोन्ही वेळा ट्रेलर समपातळीत हवा.

कमी-जास्त करायला गाडी थोडीच हलवावी लागते. ट्रेलरच्या ॲक्सलपासून हिच ३.२ मीटर असेल तर पद्मिनी १० सेंमी पुढे घेतली की नाकावर २८ किलो वाढतात. जागा ठरली की प्लायवर पुढच्या चाकाची रेघ रंगवून ठेवा. रिंगांची भोकं त्यानंतरच पाडा.

नऱ्हेकर

हिचच्या पाटीचा मुद्दा मान्य. पण ५ टक्क्यांच्या खाली कुणीही जाऊ नये, एवढं तरी ठामपणे लिहू द्या. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना ट्रेलर झुलायला लागला तर सावरायला जागा नसते.

डेक्कनची_राणी

त्या उताराला चाकणची_चाकं यांचा मागच्या पट्ट्यांचा मुद्दाही जोडून वाचा. लांब उतार आणि वारंवार ब्रेक, सगळा भार मागच्या दोन पट्ट्यांवर.

तळेगावकर

गाडी आत घेताना चालवत नेऊ नका. तीस सेंमीत दार उघडून माणूस बाहेर येत नाही, खिडकीतून निघावं लागतं, आणि बंद पेटीत इंजिन चालू ठेवणं कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. विंच वापरा. १.८ मीटरचा रॅम्प ५५ सेंमी चढत असेल तर ओढ वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २७५ किलो, वर चाकांचं घर्षण. ९०० किलोची विंच पुरेशी आहे. एक ध्यानात ठेवा, विंचची लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वायर जास्त गुंडाळलेली असेल तर ओढ कमी होते.

गाडी चढत असताना मागे कुणी उभं राहायचं नाही. एकाने बाजूने चालत लाकडी ठोकळा मागच्या चाकामागे सरकवत राहायचं. आणि विंचची वायर ही बांधणी नव्हे. पट्टे आवळले की वायर ढिली करा.

सुकाणू

फार उपयोगी माहिती मिळते आहे, सगळ्यांचे मनापासून आभार. हँडब्रेकचा प्रश्न अजून राहिला.

पाटा_स्प्रिंग

आवळताना हँडब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रल, म्हणजे गाडी पुढच्या-मागच्या ताणात आपली जागा घेते. हँडब्रेक ओढून आवळलं तर एका बाजूला ताण अडकून राहतो आणि पहिल्या खड्ड्यात तो सुटून पट्टा सैल होतो. चारही पट्टे आवळून झाले की गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि हँडब्रेक ओढा.

पावसाळ्यात गाडी ट्रेलरमध्ये चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. ओले लायनर ड्रमला चिकटतात. तेव्हा गिअर आणि चाकांना दोन्हीकडून ठोकळे.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी: आधी आवळा, मग हँडब्रेक, सर्वांत शेवटी पी (पार्किंग). आधी पी टाकून आवळलं तर सगळी ओढ गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येते.

रस्तावेडी

इलेक्ट्रिक गाडीला काही वेगळं?

चाकणची_चाकं

चाकावरून पट्टा, बाकी कशालाही नाही. खाली बॅटरीची पेटी सपाट पसरलेली असते, तिच्या कडेला हुक लावायचा मोह होतो, तो टाळा. वजन जास्त, त्यामुळे वरचा हिशेब नव्या आकड्याने पुन्हा करा.

नटबोल्ट

पट्ट्यांची निगा. पॉलिएस्टरला ऊन आणि अल्कली सोसत नाहीत, म्हणून कॉस्टिक असलेल्या पावडरीने धुऊ नका, साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. रॅचेटच्या दातांना तेलाचा थेंब द्या, पट्ट्याला लागू देऊ नका. कडेला चीर पडलेला किंवा घासून चकाकणारा पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून वापरणार नाही. पट्टा जिथे लोखंडाला टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

सुकाणू

आता ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा.

रिंगा चॅनेलवर, एम-१० बोल्टने. वजनकाट्यावर जागा ठरवून मग भोकं. पुढे दोन चाकांवर गुटक्यांचे पट्टे. मागे हाउसिंगला दोन ॲक्सल पट्टे आणि दोन इंची रॅचेट, एकमेकांना छेद देत मागच्या रिंगांना. पेट्रोल पाव टाकी, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, दाराशी आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर. पहिली तपासणी खेड-शिवापूर टोलवर, दुसरी शिरवळ सोडल्यावर खंबाटकी चढायच्या आधी, नंतर दर तीन तासांनी.

पाटा_स्प्रिंग

एकच बदल. मागे पट्टे छेद देत नेऊ नका. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे आहे आणि सायलेन्सरही तिथेच, छेद देणारे पट्टे त्यांना घासू शकतात. रिंगा भिंतीकडे सरकवून पट्टे बाहेरच्या दिशेने तिरके न्या. बाजूचा धर तोच मिळतो.

नटबोल्ट

आणि बाजूला फार नको, वर हिशेबात आलेल्या २० अंशांच्या आसपास ठेवा. हाउसिंग जमिनीपासून ३० सेंमीवर असेल तर रिंग त्याच्या मागे ४५ सेंमी आणि बाहेर १५-१६ सेंमी घ्या. पट्टा जमिनीशी ३२ अंशांच्या आसपास राहतो. पाडायच्या आधी खडूने खूण करून, दोरी लावून, टायरच्या आतल्या कडेला पट्टा लागत नाही ना ते बघा.

सुकाणू

खडू आणि दोरी लावून पाहिली. डावीकडे पट्टा टायरपासून चार सेंमी मोकळा, उजवीकडे दोनच. उजवी रिंग तीन सेंमी आत घेऊ का, की दोन सेंमी पुरेत?

नटबोल्ट

आत घ्या, पण दोन्ही बाजूंना सारखीच. एक बाजू वेगळी ठेवली तर दोन पट्ट्यांवर ताण सारखा येत नाही. आत घेतल्यावर बोल्ट चॅनेलवरच येतात ना, ते खालून पाहून मग ड्रिल लावा.